तेल उडालं नव्हतं

प्रिय गाझी,

गेल्या महिन्यात तू टाकलेला फोटो शेजारच्या हयेतने मला दाखवला. जुन्या बाजारातून आणलेला गेमचा डबा उघडून बसलायस, आणि खाली लिहिलंयस, 'सतराव्या वर्षी सफाक्समधल्या स्वयंपाकघरात हे मी एकट्याने शिकलो.' हयेत म्हणाली, "तुझा भाऊ हुशारच गं पहिल्यापासून." मी हो म्हटलं. तुझ्या बाबतीत हो म्हणायची मला सवयच आहे.

एकट्याने म्हणे! डब्यात बसवायची नखाएवढी चिप आणि जोडायच्या केसासारख्या बारा तारा. पहिल्या दिवशी तू दोन तारा जाळल्यास आणि डाग द्यायची गन माझ्या हातात देऊन म्हणालास, "घे, तुझे हात भरतकामाचे आहेत." त्यानंतर प्रत्येक डाग मी दिला. त्या चिपमुळे नकली डिस्क चालायला लागल्या की अर्धी गल्ली तुला खांद्यावर घ्यायची. मी आत काय करते असं कुणी विचारलं, तर तू सांगायचास, "ती? ती चहा करते." मला राग यायचा नाही. खरंच सांगते, तेव्हा मला त्या कामाचं वेड होतं. काळ्या पडद्यावर चित्र उमटलं की पुढचा डबा कधी येतो असं व्हायचं.

रमझानचा तो दिवस तुला आठवतो का, हे मी वीस वर्षांत कधी विचारलं नाही. इफ्तारला तासभर होता. उम्मी अंडं भरलेली ब्रीक तळत होती आणि आपण त्याच ओट्याच्या टोकाला डबा उघडून बसलो होतो. आतला फुगलेला कपॅसिटर काढून तू नवा बसवलास. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली आणि उम्मी कढई तशीच ठेवून दाराशी गेली. मी तपासायला वाकले. म्हटलं, "थांब, प्लग लावू नको, उलटा बसलाय वाटतं." तू हसलास. "घाबरट कुठली!" आणि लावलास.

आवाज फटाक्यासारखा झाला. उम्मी धावत आली तोवर तू शेजारच्या टेबलावरचा टेबलक्लॉथ ओढून सगळं झाकलं होतंस. माझ्या कानाशी म्हणालास, "नबीहा, बाबांना कळलं तर मला घराबाहेर काढतील. माझी परीक्षा आहे." आणि मग मोठ्याने, "उम्मी, तेल उडालं!" मी डोळ्यावर हात दाबून हो म्हणून मान हलवली. दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यातून पत्र्याचा बारीक कपटा काढून माझ्यासमोर धरला. "तेलात हे कुठून आलं?" मी दुसरा डोळाही मिटून घेतला. त्यांनी कपटा ट्रेमध्ये टाकला.

तू परीक्षा पास झालास, शिकायला लियोंला गेलास. इथे उम्मीने त्या दिवसापासून घरात ब्रीक तळली नाही. रमझानात सगळ्या गल्लीत तळणीचा वास असायचा, आपल्याकडे फक्त सूप. मला बघायला कुणी आलं की ती स्वतःहून सांगायची, "डोळा जन्मापासून अधू नाही हो, माझ्या निष्काळजीपणाने गेला." लोक माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघायचे. मी चहाचे पेले पुढे करायचे. तू एक दिवस येशील आणि स्वतःच्या तोंडाने सांगशील, असं वाटायचं. दर उन्हाळ्यात तू आलास. अत्तर आणलंस, चॉकलेटं आणलीस.

परवा दफन झाल्यावर तू फोनवर रडत विचारलंस, "उम्मी शेवटी काय म्हणाली?" मी म्हटलं, काही नाही, झोपेत गेली. ते खोटं होतं, म्हणून हे पत्र. ती शुद्धीवर होती. माझा हात धरून म्हणाली, "पोरी, त्या कढईची मला माफी दे." मग मात्र माझ्याने राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. कपॅसिटर, प्लग, टेबलक्लॉथ, पत्र्याचा कपटा. तिने शांतपणे ऐकलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, "माझ्यावरचं ओझं उतरवायला भावावर आळ घेतेस? माझा गाझी असं करणार नाही." तिने माझं खरं मानलं नाही, गाझी. मी शपथ घेतली, तरी नाही. माफी मागतच गेली.

तुझीच थोरली बहीण,
नबीहा