दोनशे एक पदार्थ

रंपचोडवरम, ९ जानेवारी

चि. नागरत्नम हिस वरहालम्मा अक्काचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. माझी शाळा चौथीत सुटली, गोड लिहायला येत नाही, तेव्हा सरळच लिहिते. संक्रांतीला नव्या जावयाचं पान भरायचं, हे आपल्या गोदावरीकाठी सगळेच करतात. पण दोनशे एक पदार्थ? का, तर शेजारच्या कनकदुर्गाने गेल्या वर्षी थोरल्या जावयाला एकशे त्र्याहत्तर वाढले आणि यंदा धाकट्याला वाढणार म्हणून. अगं, फणींद्र माणूस आहे, हत्ती नाही. तू आणि तुझी मोलकरीण, दोघींनी एवढं रांधायचं तर निम्मं शिळंच पानात येणार. त्या कामाला मी येणार नाही. रागावलीस तर रागाव.

हारिकाला माझा पापा. जीव आहे म्हणून ओरडते, एवढं ध्यानात ठेव.

अक्का


भीमवरम, १५ जानेवारी

ती. अक्कास नागरत्नमचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

झाले गं, पुरे दोनशे एक! बसवाल्याच्या हाती मुद्दाम पत्र धाडते. पानाभोवती वाट्याच वाट्या, मधे फणींद्र, शेजारी आपली हारिका. विहीणबाई बोटावर मोजत होत्या. यातलं शिळं काय आहे, असं त्यांनी हळूच विचारलं. मी सर्वांदेखत सांगितलं की कालचं नाही आणि डब्यातलंही नाही. फणींद्रने गुणी मुलासारखी एकेक वाटी चाखली.

उरल्यातल्या एकसष्ट वाट्या कनकदुर्गाकडे पाठवल्या. मोजू दे तिला. उद्या तिच्या जावयाचं पान आहे.

तू आली नाहीस ते टोचलं. तरी लोभ कमी करू नये.

तुझी नागरत्नम


भीमवरम, तुझ्याच घरून, १८ जानेवारी, सकाळ

चि. नागरत्नमला आशीर्वाद.

येणार नाही म्हणाले होते, पण फणींद्रला इस्पितळात नेल्याचं ऐकून राहवलं नाही, काल आले. चिठ्ठी जेवणाच्या डब्यात घालते आहे. इस्पितळात तुझा फोन विहीणबाईंच्या कानाशी वाजतो, आणि त्यांच्यासमोर तू खरं बोलणार नाहीस.

हारिका काल डबा न्यायला आली, तेव्हा उंबऱ्यावरच बसली. फणींद्रला परवा रात्रीपासून एकाचे दोन दिसतात, पापण्या उचलत नाहीत, पाण्याचा घोट उतरत नाही. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारतात, बंद डब्यातलं काही खाल्लं का. आणि तू म्हणतेस, सगळं ताजं होतं.

मग परसातला हा बांबूच्या कोंबांचा डबा कुणाचा? झाकण फुगलेलं आहे. मोलकरणीला दरडावलं तेव्हा बोलली. आकडा दोनशेवर अडला, पंगत खोळंबली, म्हणून तू पावसाळ्यात बाजारातून आणलेला हा डबा उघडलास. शिजवायला वेळ नव्हता. वास दबावा म्हणून चिंच घालून वरून फोडणी दिलीस.

आमच्या डोंगरात एक बाप असल्याच फुगलेल्या डब्यातलं खाऊन गेला. शेवटपर्यंत शुद्धीवर होता, सगळं ऐकू येत होतं, फक्त श्वास घेता येईना. पोरीच्या लग्नाला आठ महिने झालेत. जेवणाचा रिकामा डबा परत येईपर्यंत डॉक्टरला सांग. नाहीतर मी येऊन सांगेन, सगळ्यांदेखत.

आणखी कुणाच्या पोटात ते गेलं, तेही कळव.

अक्का


इस्पितळ, १८ जानेवारी, दुपार

ती. अक्कास सा. न.

सांगितलं. विहीणबाईंसमोरच सांगावं लागलं. डॉक्टर मला रागावला नाही, तसाच धावत सुटला. त्याचीच मला जास्त भीती वाटली. फणींद्रला श्वासाच्या यंत्रावर ठेवलंय. औषध चेन्नईहून यायचं आहे, वेळेत येईल का ते कुणी सांगत नाही. विहीणबाई एवढंच म्हणाल्या, "माझ्या मुलाला नुसता डाळभात आवडतो." हारिका माझ्याजवळून उठून समोरच्या बाकावर जाऊन बसली.

आपल्या घरात दुसऱ्या कुणी ते खाल्लं नाही, देवाशपथ. त्याची एक वाटी तेवढी त्या एकसष्टांत कनकदुर्गाकडे गेली. पण अक्का, तिकडे जाऊ नकोस. माझ्या घरचं उरलेलं ती कशाला खाईल? म्हशीपुढे ओतलं असेल. तिला कळलं तर जन्मभर या गल्लीत मान वर करता यायची नाही. पाया पडते.

मला टाकू नकोस.

नागरत्नम


१८ जानेवारी, चार वाजता

नागरत्नम,

आशीर्वाद मागाहून. फोन तू उचलत नाहीस, म्हणून ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरजवळ हे देते.

मी गेले. कनकदुर्गाने दारातच अडवलं. म्हणाली, असली वाटी आलीच नाही. मग म्हणाली, आली होती, पण फेकली. बोलताना सारखी मान वळवून आतल्या खोलीकडे बघत होती. मी तिला बाजूला सारून आत शिरले. तिचा धाकटा जावई पलंगावर होता. एका बोटाने पापणी वर धरून तो माझ्याकडे बघत होता. बोलू गेला, तर नुसती लाळ गळली. काल संध्याकाळपासून असाच आहे.

तुझ्या एकसष्ट वाट्या तिने आपल्या म्हणून त्याच्या पानाभोवती मांडल्या होत्या. तिचा आकडा दोनशे वीस झाला. डॉक्टर बोलावला नाही, कारण तो काय खाल्लं ते विचारणार, आणि मग एकसष्ट वाट्या कुणाच्या ते निघणार.

पोरगा याच गाडीतून येतोय. कनकदुर्गा बरोबर आहे, पण ती तोंड उघडायची नाही. तू दारात जाऊन उभी राहा. गाडी थांबली की तिच्याकडे बघू नकोस, विहीणबाईंकडे बघू नकोस. डॉक्टरला मोठ्याने सांग की त्यानेही तेच खाल्लंय, आणि वाटी आपल्या घरची होती.

लोभ आहेच, तो कुठे जात नाही. आधी पळ.

अक्का