शेगडी : दुपारी अडीच ते सव्वातीन

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज घडलं ते क्रमाने :
१. सकाळी ९.४० ला रुजू झाले. तालुक्याच्या या दवाखान्यात ऑक्युपेशनल थेरपिस्टची ही पहिलीच पोस्ट. करार अकरा महिन्यांचा.
२. अधीक्षक सरांनी विचारलं, "फिजिओ ना?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "तेच ते."
३. खोली मिळाली, क्रमांक ११. आत मोडके स्ट्रेचर होते, पाच. आता दोन आहेत.
४. मोनाली सिस्टरने माझ्या पेटीतले खुंट्यांचे पाट, रंगीत शंकू, चिमटे पाहिले आणि बालवाडी कवा सुरू होते म्हणून विचारलं.
५. मी वाईट वाटून घेतलं नाही.

संकल्प : दवाखान्यात कर्मचारी चाळीस. माझं काम काय, हे महिनाभरात चाळीसच्या चाळीस जणांना एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. वाक्य मीच तयार केलं आहे : आजारामुळे सुटलेली रोजची कामं माणसाला पुन्हा स्वतःची स्वतः करता यावीत, यासाठीचा उपचार. अवघड काही नाही. आजची मोजणी : १/४० (मी धरून).

गुरुवार, ६ फेब्रुवारी

वाक्य मोठ्या अक्षरांत छापून दारावर लावलं. दुपारी पाहिलं तर त्यावर 'चपला बाहेर काढा' ही नोटीस चिकटवलेली. म्हणजे जागा मोक्याची निवडली होती. १/४०.

सोमवार, १० फेब्रुवारी

पहिली पेशंट. बिजलीबाई, वय ६२, तांड्यावरून. तीन महिन्यांपूर्वी लकवा, उजवा हात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलंय : 'टाइमपाससाठी खोली ११.' तरी हे रेफरलच आहे. फाइलला लावलं.

काय करता यायला हवं, असं मी विचारलं. हा प्रश्न तिला तीन महिन्यांत कोणी विचारला नव्हता. ती म्हणाली, "भाकर. सून गुनाची हाय, पन चार बायांपुढं घास भरवते. म्या का लेकरू हाव? माही भाकर म्या थापीन, म्या खाईन. बस."

ध्येय नोंदवलं : एक भाकर, अख्खी, बिनमदत. पीठ मळण्यापासून तव्यावर उलटण्यापर्यंत सहा टप्पे पाडले. सोमवारी आणि गुरुवारी, अशी आठ सत्रं पुरतील.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

भाड्याच्या खोलीवरून माझी शेगडी, परात, तवा आणला. सत्र १. सहापैकी दोन टप्पे. व्यास ९ सेंमी, तिला भाकर म्हणता येणार नाही. बिजलीबाईने मात्र तेवढीही पदरात बांधून नेली.

मोनाली सिस्टर डोकावल्या. आजवर स्वतःहून डोकावलेल्या पहिल्याच. त्यांना दूध गरम करायचं होतं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सत्र २. तीन टप्पे, १३ सेंमी, एका कडेला जाड. खोलीत सात कर्मचारी हजर, पैकी दोन डबा घेऊन. जनजागृती अपेक्षेपेक्षा वेगाने होते आहे. अधीक्षक सरही आले. तुकडा मोडून खाल्ला आणि म्हणाले, कडेनं कच्ची आहे. माझ्या उपचारावर डॉक्टरी बाजूने आलेला हा पहिला अभिप्राय. निरीक्षण बरोबर होतं.

बिजलीबाई खूश. येत्या गुरवारी ठेचा आनीन म्हणाली, सगळ्यायले.

१/४०. पण खोली ११ कुठे आहे, हे आता एकोणीस जणांना ठाऊक आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सत्र ३. चार टप्पे, १६ सेंमी. उजवा हात तिने परातीतून एकदाही काढला नाही. रिपोर्टमध्ये 'समाधानकारक' लिहिलं. आधी 'फार' असा शब्द लिहिला होता, तो खोडला.

चहाला बारा जण. कप ठेवायला माझा खुंट्यांचा पाट घेतात. दोन खुंट्यांच्या मधून कप उचलताना बोटांची पकड सुधारते, त्यामुळे मी हरकत घेतली नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

बिजलीबाई आली नाही. तिची सून उज्ज्वला आली, तीही थेट सरांच्या केबिनमध्ये. मला बोलावणं आलं.

"आमची याडी इथं इलाजाले येते का तुमच्या भाकरी थापाले? तांड्यातल्या बाया म्हनून राह्यल्या, सुनेनं सासूले दवाखान्याच्या मेसमधी कामाले लावलं. घरी मी तिले परातीले हात लावू देत नाही, न इथं बारा जन बसून खाऊन राह्यले!"

हाच उपचार आहे, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग गोळी द्या न म्याडम. पीठ कायले देता?"

बोलताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सासूला ती याडी, म्हणजे आई म्हणते आणि जपते, यात शंका नाही. सरांनी निकाल दिला की पेशंटकडून स्वयंपाक करून घेणं बंद. गैरसमज पूर्णपणे तांत्रिक आहे. उद्या लेखी खुलासा देते, चार पानी. सरांना पहिल्याच पानात पटेल.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

खुलासा दिला, दोन आकृत्यांसह. सरांनी लगेच कार्यवाही केली. पेशंटवर भार नको म्हणून खोली ११ मध्ये बचत गटाचं कॅन्टीन. देखरेख माझ्याकडे. "अनुभव तुमचाच आहे ना," असं म्हणाले. खुलासा त्यांच्या टेबलावर होता. त्यावर कप होता.

माझं टेबल एक्स-रेसमोरच्या व्हरांड्यात. व्यवस्था तात्पुरती आहे. शेगडीची रजिस्टरला नोंद झाली : 'कॅन्टीन, नग १'.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

बिजलीबाई एकटी आली, बाजाराच्या गाडीत बसून. घरी मिरच्या आणायच्या म्हणून सांगितलं. उजव्या काखेत घरची, भाकर थापायची लाकडी काटवट, तीन किलो तरी असेल. लकव्याच्या हातानेच ती धरली आहे, हे तिच्या लक्षातही नव्हतं. मी घड्याळ लावलं. फाटकापासून खोलीपर्यंत चार मिनिटं दहा सेकंद.

शेगडीवर भजी चालू होती. गटाच्या बायांनी तिला चहा दिला आणि विचारलं, "आजी, तुमी कायले आल्या इथं?"

ती म्हणाली, "ह्या पोरीपाशी आपल्या हातचं गेलेलं काम आपल्या हाताले परत येते. शेगडी खाली झाली का सांगजा."

शेगडी खाली झाली नाही. साडेचारला गाडी सुटणार होती, ती उठली. काटवट माझ्या टेबलाखाली ठेवून गेली. "येत्या गुरवारी येईन. कोनाले देजो नोको."

तिचं वाक्य माझ्या वाक्यापेक्षा लहान आहे आणि बरोबरही आहे. पण ती कर्मचारी नसल्याने मोजणीत धरता येत नाही. १/४०.

सोमवार, ३ मार्च

महिना झाला. खुलासा धरून सरांना दिलेली पत्रं चार. उत्तरं शून्य. शनिवारी कॅन्टीनची साखर संपल्याचं कळवलं, तर वीस मिनिटांत सही होऊन कागद परत आला. त्यावरून पद्धत बदलली आहे. नव्या अर्जात थेरपी हा शब्द नाही, व्याख्या नाही, आकृती नाही. सहीखाली 'कॅन्टीन प्रभारी' लिहिलं. सकाळी ११.२० ला दिला. दुपारी तीनपर्यंत परत आलेला नाही. नक्कल :

मा. वैद्यकीय अधीक्षक यांस,
विषय : शेगडी (नग १) रिकामी मिळणेबाबत.
येत्या गुरुवारी, ६ मार्चला, दुपारी अडीच ते सव्वातीन कॅन्टीनची शेगडी रिकामी ठेवण्यास परवानगी असावी. एक भाकर करायची आहे. करणारीच ती खाईल. कर्मचाऱ्यांना मिळणार नाही. शेगडी मिळणार नसेल तर तिचा हेलपाटा वाचावा म्हणून बुधवारी संध्याकाळच्या गाडीने तांड्यावर निरोप धाडावा लागेल. तरी बुधवार, ५ मार्च, दुपारी चार वाजेपर्यंत उत्तर कळवावे, ही विनंती.