आचाऱ्याच्या घरी कोण सांगेल

बाबा,

पुण्याहून संपादकांचा फोन आला होता. माझ्या कादंबरीतला आचारी मेला हे त्यांना चालतं, पण तो मेल्याचं सांगायला मी त्याच्या घरी माणूस पाठवला, हे चालत नाही. ते प्रकरण काढा म्हणतात. कादंबरी अंतराळातली आहे. त्यात माणसं कुठल्या कुठल्या ग्रहांवर जातात, त्याची कोणाला अडचण नाही. एक बाई बसने आचाऱ्याच्या दारापर्यंत जाते, तेवढंच त्यांना लांब पडतं. आजवर मी पुढाऱ्यांची, साहेबांची आणि सत्कार घेणाऱ्यांची टिंगल करून पोट भरलं. पन्नाशीला टेकताना एकच गोष्ट हसू दाबून लिहिली, तर नेमकी तीच जास्तीची ठरली. हे तुम्हाला सांगायला हवं, कारण तो सांगावा तुम्हीच धाडायला लावला होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी राहून आईशी भांडते म्हणून तुम्ही मला हायवेवर कोहमाऱ्याच्या ढाब्यावर, जिथं तुम्ही आचारी होता, सोबत न्यायचे. दुपारी ट्रकवाल्यांची गर्दी ओसरते, तुम्ही भट्टीपासून दूर खाटेवर बसून लसूण सोलता, आणि मी मोठ्यानं वाचते. त्या वर्षी कोणा ड्रायव्हरची एक जुनी कादंबरी ढाब्यावर राहून गेली होती. मुखपृष्ठ नव्हतं, शिवण उसवलेली. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, आणि छापलेलं सगळं खरंच असतं असा तुमचा पक्का समज होता. यान, ग्रह, हवेच्या टाक्या, सगळं तुम्ही मान हलवत कबूल केलं. यानावर एक आचारी आहे म्हटल्यावर तर लसणाची परातच बाजूला सारली. तो काय रांधतो हे लेखकानं लिहिलं नव्हतं. तुम्ही आपल्या मनानं त्याला भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण करायला लावलं. थोड्याच पानांत तो मेला. कुठलीशी नळी फुटली, ती दाबून धरायला गेला, तिथंच संपला. कप्तान म्हणाला, चांगला माणूस होता. पुढच्या ओळीत यानानं दिशा बदलली आणि मी वाचत पुढे निघाले, तर तुम्ही थांबवलं.

"मंग सांगाले कोन गेला?"

"कोनाले?"

"त्याच्या घरी."

मला हसू आलं. ते इथून लई दूर आहेत, मी म्हटलं, तिथून कोणी असं जात नाही.

"काऊन नाही जात? गेले त इथूनच ना."

मग रोज वाचायला बसलं की आधी तेच. सांगतलं का? नाही सांगतलं. यान संकटातून सुटलं, शत्रू हरला, कप्तानाचं लग्न जमलं, सगळे पृथ्वीवर उतरले, हार पडले, आणि पुस्तक संपलं. तुम्ही ते माझ्या हातून घेतलं, उलटंपालटं केलं, उसवलेली शिवण बोटानं चाचपली आणि निकाल दिला की याची पानं गेली आहेत. लेखक एवढं मोठं पुस्तक लिहितो, तो हे कसा विसरेल? तो ड्रायव्हर पुन्हा आला तेव्हा तुम्ही त्याला जेवण वाढायच्या आधी पानांचा हिशोब विचारला. तो बिचारा म्हणाला, "चाचा, मैं तो उसको सिर के नीचे रखता था, पन्ना काहे को फाड़ूँगा?" तुमचा विश्वास बसला नाही. पुढे कितीतरी दिवस तुम्ही चौकातल्या भजीवाल्याकडेही संशयानं पाहत होता, की आचाऱ्याच्या घरचं पान यानंच भज्यांना गुंडाळलं असणार.

मला तेव्हा ही गंमत वाटायची, आणि थोडा रागही यायचा. कारण मौतीचा सांगावा गावोगाव नेणं हे एकेकाळी आपल्याच घरावर लादलेलं काम होतं. भर उन्हात दुसऱ्याची मयत सांगायला जायचं, अंगणाबाहेर उभं राहून ओरडायचं आणि धोतराच्या सोग्यात शिळा भात घेऊन परतायचं. आजानं दीक्षा घेतली आणि गावाला कळवून टाकलं, आपापल्या मेलेल्यांचं आता आपापलं पाहा. त्यानंतर गावात बरीच मजा झाली. कोणाचा जावई तेरवी उरकल्यावर पोचला, एकाला सख्ख्या मामाची मौत बाजारात मिरच्या घेताना कळली. हे तुम्ही छाती फुगवून सांगायचे. म्हणून मी विचारलं, आजानं टाकून दिलेलं काम तुम्ही त्या यानातल्या लोकांच्या गळ्यात कायले घालून राहिले? तुम्ही हातातली पाकळी सोलून परातीत टाकली.

"हुकमानं जानं अलग हाय, बाई," तुम्ही म्हणालात. "ज्याच्या हातचं खाल्लं, तो मेला, त खानाऱ्यानं जाव लागते. त्याले हुकूम नाही लागत."

मग काही वर्षांनी तुम्ही मेलात, त्याच भट्टीजवळ. दुपारची गर्दी होती. तुम्हाला टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं, नेईपर्यंत संपलं होतं. झाऱ्याला दुसरा हात लागला आणि ढाबा चालू राहिला. मालकाचं काही वाईट म्हणत नाही मी, लोक भुकेले होते. इकडे आई तुमचा भात झाकून बसली आहे, मी आत कांदा चिरते आहे, अंधारायला लागलं आहे. दारात बसचा कंडक्टर उभा, तिकिटांची पेटी काखेत, मागे फाट्यावर बस हॉर्न वाजवते आहे. त्यानं विचारलं, कोहमाऱ्याचे आचारी इथंच राहतात ना? राहतात, आई म्हणाली. तो पेटीचं झाकण उघडत राहिला, लावत राहिला. तुमच्या हातचं ज्यांनी वर्षानुवर्षं खाल्लं त्यातलं सांगायला कोणी आलं नाही. आला तो हा, जो त्या ढाब्यावर कधी चहालाही उतरला नव्हता.

म्हणून माझ्या कादंबरीत यानाची इंजिनियर बाई, जिनं त्या आचाऱ्याच्या हातचं शेवटचं ताट खाल्लं, ती परतल्यावर सत्काराला जात नाही. बस धरते, घर विचारत जाते, ओट्यावर बसते आणि सांगते. एवढंच ते प्रकरण. संपादक गोड बोलतात. म्हणाले, "मॅडम, ते दुय्यम पात्र आहे, वाचकाला तोवर आठवतही नसेल." मी म्हटलं, तेच तर. मग ते म्हणाले की हे दुःख तुम्ही आत्मकथनात घाला, तुमच्याकडून लोकांना त्याची अपेक्षा असते; विज्ञानकथेत ते उपरं वाटतं. पाहा बाबा, अंतराळातसुद्धा आपली वस्ती गावाबाहेरच. फारच वाटत असेल तर अर्पणपत्रिकेत वडिलांचा उल्लेख करा, अशीही सोय त्यांनी सुचवली.

त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही. आता मौतीच्या बातम्या मोबाइलवर येतात, सकाळच्या फुलांच्या आणि कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकच्या मधोमध. खाली सगळे हात जोडतात आणि केकलाही तेच हात जोडतात. दारात कोणी येऊन अडखळत नाही. असल्या वाचकाला मी सांगणार, की एक बाई बसमधून उतरली आणि घर विचारत गेली? तो म्हणेल, मेसेज काऊन नाही टाकला.

इथपर्यंत मी असं लिहिलं आहे, जणू अजून ठरायचं आहे. ठरलं आहे. संपादकांना मी त्याच फोनवर हो म्हटलं, तेही फारसं न भांडता. जगभराला टोचून बोलणारी तुमची लेक दोन मिनिटांत मऊ झाली, कारण पुस्तक निघायला हवं होतं. आचारी आता एका वाक्यात मरतो आणि यान पुढे जातं. माझ्या पुस्तकाची शिवण पक्की असेल, पानं पूर्ण असतील. हे पत्र तुम्हाला कोणीतरी वाचून दाखवावं लागेल, आणि ते काम आपल्या घरात माझंच होतं. मला ते मोठ्यानं वाचवत नाही.