चिंचेच्या वळणाची अपघातमीमांसा

शिरवळ, ता. १ मार्च १९४६, शुक्रवार. सकाळी
आजपासून नवे आयुष्य. संकल्प : पाचला उठणे (आज साडेसात, रात्री डास होते). चहा एकच कप. कोणाशी वाद नाही.
अनंतरावांचे कार्ड आले. लढाई संपल्यापासून त्यांच्या साताऱ्याच्या साप्ताहिकात बातम्यांचा दुष्काळ पडला आहे. लष्करातून सुटलेली मंडळी आता लॉऱ्या हाकू लागली आहेत, तेव्हा तिकडच्या रस्त्यावर काय आपटाआपटी होते ते दरमहा कळवा, म्हणतात. 'मासिक अपघात-समाचार' हे सदर मी सुचवले. त्यांना 'अपघात' एवढेच पुरे वाटते. वृत्तपत्रवाल्यांना समासाची गोडी नाही.
वाईच्या पाठशाळेत नऊ वर्षे न्यायशास्त्र घोकले, त्याचे अखेर चीज होणार.
फेब्रुवारीचा आकडा : दोन. दोन्ही चिंचेच्या वळणावर. एकात सायकलस्वार आणि बकरी. दुसऱ्यात मोटारीचे मडगार्ड आणि नाथाजीचा टांगा.

ता. १० मार्च, रविवार
वळणाची पाहणी केली. पुण्याकडून येणारा रस्ता चिंचेपाशी वळतो, उजव्या हाताला खोल चर. चिंचेखाली हरणाबाई भाजी विकते. तिला विचारले, इथे अपघात का होतात? म्हणाली, "व्हत्यात कवातरी. वांगी घेता का?" जनतेत जिज्ञासा नाही. वांगी घेतली.

ता. १ एप्रिल, सोमवार
मार्चचा आकडा : दोन. एकात पुन्हा नाथाजीचा टांगा. धूर दिसला की अग्नी असतो. टांगा दिसला की अपघात. यत्र यत्र टांगा, तत्र तत्र अपघातः. व्याप्ती, म्हणजे दोहोंचे अटळ साहचर्य, हळूहळू सिद्ध होत आहे. नाथाजी तसा भला. त्याच्या घोडीत, मैनेत, मला पहिल्यापासून काहीतरी तामसी वाटते.
उपायही सुचला. वळणावर पाटी. 'हळू चालवा' असली कारकुनी पाटी नव्हे. श्लोक. माणूस दटावण्याने सुधारत नाही, सुभाषिताने सुधारतो.

ता. ३ एप्रिल, बुधवार, पाडवा
पाटी लागली! सागवानी फळी, पांढरी अक्षरे. स्वतः रचलेले शार्दूलविक्रीडित :

हे पांथस्थ, रथस्थ वा, चपलसे यंत्रस्थ वा मानवा,
थांबोनी क्षणमात्र वाच वचने ही धर्मशास्त्रोक्त तू;
वेगाने न पळे विवेक, म्हणुनी सांगे तुला शास्त्र हे :
डावी बाजु धरी, पुढे चर असे, खोलात जाऊ नको.

पायी जाणारे, टांगेवाले, मोटारवाले, तिघेही पहिल्याच ओळीत आले. मुख्य आदेश चौथ्या ओळीत. उत्तम काव्यात फळ शेवटीच असते. फळी पुरेना म्हणून अक्षरे थोडी बारीक काढावी लागली. हिचे म्हणणे, 'डावीकडून जा' एवढे मोठ्या अक्षरांत लिहिले असते तर. हिचे वडील तर्कतीर्थ होते. मुलीत काव्य उतरले नाही.
नाथाजीने टांगा थांबवून विचारले, "बुवा, ह्ये काय टांगलंय?" वाचून पाहा म्हटले. "आवं, मला कुठलं येतंय वाचाया!" म्हणाला आणि निघून गेला. खेद वाटला. ज्याच्यासाठी औषध, त्यालाच तोंड नाही.

ता. १९ एप्रिल, शुक्रवार
उत्साहजनक. दुपारी एक मोटार चरात गेली. ड्रायव्हर वर आल्यावर मी लगेच मुलाखत घेतली. पाटी पाहिली का? "तीच तर बघत होतो!" म्हणाला. बिचारा फार भारावलेला होता, हातपाय कापत होते. काव्याचा परिणाम इतका त्वरित होतो हे पाठशाळेत कोणी सांगितले नव्हते.

ता. १ मे, बुधवार
एप्रिलचा आकडा : चार. म्हणजे दुप्पट. वरवर पाहता वाढ. परंतु पूर्वी लोक अपघात लपवत, आता पाटीमुळे जागृती झाली, म्हणून दिसतात. रिपोर्टात तसे स्पष्ट केले.
ही म्हणाली, "पाडव्याआधी दोन, पाडव्यानंतर चार. मध्ये नवीन काय आलं, ते बघा ना." बघितले. नवीन संवत्सर आले. नाव 'व्यय'. नावातच नुकसान! हिच्या तर्काला दाद दिली. ही उठून आत गेली.
चारपैकी दोन अपघातांत नाथाजी हजर. एकदा कोणी येऊन धडकला, एकदा कोणाला वाचवताना चाक गेले. कारणे निराळी, टांगा तोच.
चहा : तीन कप. उन्हाळा आहे.

ता. १४ मे, मंगळवार
महाअपघात. सांगलीहून हळद घेऊन पुण्याला निघालेली लालासाहेबाची लॉरी वळणावर मधोमध उभी राहिली, मागून मोटार येऊन आदळली, लॉरी पुढे सरकली ती समोरून येणाऱ्या नाथाजीच्या टांग्यावर. पोती फुटली. जीवितहानी नाही, पण टांग्याची पायफळी मोडली आणि सारे वळण पिवळे झाले. हरणाबाईची भाजी पिवळी, नाथाजी पिवळा, मैना तर लग्नाच्या आदल्या दिवशीच्या नवरीसारखी. मीही चौकशीसाठी पुढे गेल्याने थोडा पिवळा. हिने धोतर अंगणातच सोडायला लावले.
लालासाहेब बर्म्यात हवालदार होता. फार तापला होता. म्हणाला, "बर्म्यात डोक्यावर बाँब पडत हुते तवा गाडी उलथली न्हाई माझी! हितं 'थांबोनी' वाचलं, थांबलो, तर मागनं ह्यो!" मी त्याचे अभिनंदन केले. लिहिले वाचून तसेच वागणारा वाचक आयुष्यात पहिल्यांदाच भेटला. लष्करी डिसिप्लिन! त्याने हवालदारी हिंदीत काहीतरी म्हटले. इथे लिहिण्यासारखे नाही.
नाथाजी मध्येच म्हणाला, "आवं, म्या तर माझ्या डाव्या अंगानं चाललो हुतो." असेल. पण तिथे होता ना?

ता. १ जून, शनिवार
मेचा आकडा : सहा. त्यांत नाथाजी चार वेळा. व्याप्ती सिद्ध! पाहुणे आल्यासारखा आनंद झाला.
रिपोर्टाची एक प्रत फौजदारसाहेबांना नेऊन दिली. मराठीत लिहिला होता, तरी सोयीसाठी शेवटी एक वाक्य इंग्रजीत टाकले. साहेबांनी तेवढेच वाचले. नाथाजीचा बिल्ला जमा करून घेतला. पुढचा हुकूम होईपर्यंत टांगा बंद.
कठोर, पण शास्त्रीय. आता जूनचा आकडा शून्य येईल. अनंतरावांना तसे आगाऊ कळवून टाकले.

ता. ४ जून, मंगळवार
सकाळी नाथाजीची बायको साळूबाई आली. ओसरीवर बसली नाही, पायरीशीच उभी राहिली. म्हणाली, "बुवा, तुमच्या कागदानं बिल्ला ग्येला, तुमच्याच कागदानं आना. मैना दावणीला हुबी हाय. नुसतं हुबं ऱ्हाऊन वैरण कोन घालनार? बेंदराच्या आदी बाजारात न्यावी लागंल तिला. धनी सकाळधरनं तिच्यापाशी बसून हायती." मी तिला व्याप्ती समजावून सांगितली, उदाहरणासकट. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "व्हय. पन घोडीनं काय केलं?"
उत्तर तयार होते; पण हिने तिला आत बोलावून चहा दिला. माझा चहा राहिला. दोघी बराच वेळ हळू बोलत होत्या.
वाद न घालण्याचा संकल्प पाळला. ही दिवसभर माझ्याशी काहीच बोलली नाही, त्यामुळे सोपे गेले.

ता. ९ जून, रविवार
एक अनपेक्षित अडचण. मला टपाल घेऊन मोटार-स्टँडवर नाथाजीच नेत असे. आता चालावे लागते. रिपोर्टाची मोटार दोनदा चुकली.
पोस्टमास्तरांकडून सायकल मागून आणली. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शिकणे अवघड नाही. नवी विद्या कोणत्याही वयात घ्यावी असे शास्त्र सांगते. ही म्हणाली, "घ्या. पण पाटीकडून जाऊ नका." मला तिच्या भित्रेपणाचे हसू आले. सायकलीवरून पडत होतो म्हणून पुरते हसता आले नाही.

ता. २० जून, गुरुवार
टांगा बंद होऊन वीस दिवस. अपघात : सहा. कोणी तरी गुप्तपणे टांगा हाकत असावे. नाथाजीच्या घरी जाऊन खात्री केली. टांगा शेडमध्ये, चाकांवर कोंबड्या. मैना दावणीला. माझ्याकडे पाहून कान मागे टाकले. तामसी.
नाथाजी म्हणाला, "बसा की, बुवा." मग पुढे काही म्हणाला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते, निदान बोलायला विषय मिळाला असता.
उद्यापासून स्वतः वळणावर सायकलने फेऱ्या घालून निरीक्षण करणार. प्रत्यक्ष हे सर्वांत श्रेष्ठ प्रमाण.

ता. २३ जून, रविवार. पडल्या पडल्या
निरीक्षण पूर्ण झाले.
सायकल आता चांगली साधली आहे (ब्रेक सोडून). उतारावरून वळणाशी आलो. ऊन पाटीवर पडले होते, अक्षरे काय सुरेख दिसत होती! सहज वाचू लागलो. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. 'धर्मशास्त्रोक्त' शब्दावर स्वतःलाच दाद दिली. तिसऱ्या ओळीत शिरलो.
पुढचे प्रत्यक्षात आले, वाचनात नाही. पाटी खांबासकट माझ्यासह चरात. उजवा पाय घोट्यापाशी मोडला. हरणाबाईने वरून डोकावून विचारले, "कोन हाय? बुवा? तुमी बी?" या 'बी'चा अर्थ विचारायचे राहून गेले.
गावात टांगा नाही. शेणखताच्या बैलगाडीतून घरी आणले.

ता. १ जुलै, सोमवार
जूनचा आकडा : सात. रिपोर्टात सातवा 'एक प्रौढ, विद्वान गृहस्थ' असा नोंदवला. निःपक्षपातीपणा सोडलेला नाही.
सातांपैकी एकातही टांगा नाही. व्याप्तीला तडा गेला, हे मान्य करणे भाग आहे. ही पायाला हळदीचा लेप लावताना म्हणाली, "टांगा असताना अपघात, टांगा नसताना अपघात. पाडव्याच्या आधी कमी, नंतर जास्त. बाबांनी तुम्हाला पहिल्या वर्षालाच घरी पाठवलं असतं." लेप जरा जोरात लावला.
हाडवैद्य साताऱ्याकडच्या खंडाळ्याला बसतो. बैलगाडीतून नेले तर हाड निराळ्या दिशेला सांधेल, असा त्याचाच निरोप आहे. परवा बाजार. मैनेला नेणार म्हणून साळूबाईने हिला सांगितले म्हणे.
विचारान्ती फौजदारसाहेबांना पत्र लिहिले : माझ्या पाटीच्या सान्निध्याने सदर टांगेवाला व सदर घोडी यांच्यात पूर्ण सुधारणा झाली असून बिल्ला परत देणे लोकहिताचे होईल. शेवटी एक वाक्य इंग्रजीत. ही स्वतः टपालात टाकायला गेली. मग कळले, टपालात नव्हे, थेट कचेरीत नेऊन हातात दिले.

ता. २ जुलै, मंगळवार. संध्याकाळी
बिल्ला मिळाला. नाथाजी टांगा जोडून आला, आमच्या अंगणात मैना खिंकाळली. ही खिडकीत उभी राहून हसत होती. माझ्याकडे पाहून नव्हे.

ता. १ ऑगस्ट, गुरुवार
जुलैचा आकडा : शून्य. अखेर!
याची कारणमीमांसा चार पानी लिहून पाठवली : पाटीचे संस्कार आता लोकांच्या अंतःकरणात उतरले आहेत, म्हणून पाटी नसतानाही परिणाम टिकून आहे. अनंतरावांचे कार्ड उलट टपाली : 'काही झालेच नाही तर छापू काय? सदर बंद. हळदीचे भाव कळवत जा.'
दुपारी हाडवैद्याकडे पट्टी सोडवायला निघालो; मागच्या खेपेला टांग्यात आडवा निजवून नेले होते. नाथाजीने उचलून टांग्यात बसवले, "जपून, बुवा, पाय हितं ठिवा." नवी पायफळी पाहिली तर ओळखीची अक्षरे. चरातून फळी काढून घेतली होती. "सागवान हाय," म्हणाला, "लय मजबूत. तुमी पडला तरी चिरली न्हाई." श्लोकावर पाय! पण मोडका पाय उचलून धरणार कसा? ठेवला.
वळणावर हरणाबाईने वांगी पुढे केली, म्हणून मैना थांबली. मी म्हटले, बाई, पाटी गेली, वळण सुने झाले. म्हणाली, "ग्येली तरी समदी पाठ हाय मला. येनारा जानारा मोठ्यांदा वाचायचा न्हवं!" आणि भाजीवर पाणी मारता मारता, हेल काढून, अस्खलित म्हणू लागली : ये पांतस्त रतस्त वा... वृत्त कुठे अडखळले नाही. माझे डोळे भरून आले. दुसरी ओळ झाली. "येगानं न पळं इवेक, म्हनुनी..." इथे ती थांबली.
पुढे? म्हटले. पुढचे म्हणा ना!
"फुडचं न्हाई ठावं," म्हणाली. "हितवर आलं का धाडकन् आवाज व्हायाचा. हितनं फुडं कुनी ग्येलंच न्हाई, बुवा."
चौथी ओळ तिला सांगणार होतो. पण नाथाजीने लगाम हलवला आणि मैना, आपल्या डाव्या अंगाने, वळण ओलांडून गेलीही.