पाणी वर चढवायचा भाव

प्रिय दादा,

पत्र बघून घाबरू नकोस, आम्ही तिघं ठीक आहोत. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतोस? "बोल बुटके, पटकन बोल, मीटिंग आहे" म्हणतोस आणि मग पाच मिनिटं तूच बोलतोस. समोर आले तर मला रडू येतं. मी रडायला लागले की तू काहीतरी विनोद करतोस, मी हसते आणि आले तशी परत जाते. मागच्या महिन्यात दोनदा असंच झालं. दुसऱ्या वेळी वहिनीने जिन्यापर्यंत येऊन विचारलं, काही काम होतं का गं? मी म्हटलं, नाही वहिनी, सहज आले होते. सहज कसली? दोन बस बदलून, कडेवर पोर घेऊन कोण सहज येतं? सातवीत शाळा सुटली तेव्हा होतं तसंच माझं अक्षर आहे अजून. सावकाश वाच, आणि एकट्याने वाच.

छकुलीला खालचे दोन दात आलेत. सगळं तोंडात घालते. ह्यांची चप्पल, माझी वेणी, परवा तर झाडूच. मला तिच्या तोंडाकडे बघत बसायची सवयच लागलीय. पाणी उकळते, गाळते, परत उकळते. भांडं खाली ठेवलं की वाटतं, नीट उकळलं ना? की परत चढवते. गॅस पुरत नाही, पण हे एका शब्दाने बोलत नाहीत. हेसुद्धा रोज पंपघरातून सायकलवर पाण्याचा कॅन आणतात. नळाला पाणी आहे, रोज येतं, स्वच्छ येतं, तरी आणतात. कॅन स्वतः धुतात, मला हात लावू देत नाहीत. शेजारची म्हणते, काय गं, पंपवाल्याच्या घरी पाणी सायकलवरून? उद्या बेकरीवाला पाव बाहेरून आणेल! मी हसते. हे हसत नाहीत.

काल तुझी गाडी आमच्या चढावरून गेली. कर्ण्यावर तूच बोलत होतास. आवाज ऐकून छकुली दाराकडे रांगत गेली, तिला वाटलं मामा आला. तू म्हणालास, नगरपालिकेने दोन वर्षांसाठी विजेचा भाव बांधून घेतला आणि लोकांचा पैसा अक्षरशः पाण्यात घातला. शेजारच्या गावाला आज वीज निम्म्या भावात मिळते आणि आपण मात्र करार केला म्हणून चढा भाव मोजतोय. आता करार संपतोय, परत बांधायचा नाही, रोजचा जो भाव असेल त्याने घ्यायची. सगळ्या बायका हसत होत्या. दूधवाली मावशी मला म्हणाली, तुझा दादा काय बोलतो गं, ऐकतच राहावं. मी म्हटलं, हो. दाराची चौकट धरून उभी होते.

मला त्यातलं फार कळत नाही, पण इतकंही अडाणी समजू नकोस. हे रोज पंपघरात असतात, तिथले इंजिनियर साहेब बोलतात ते घरी येऊन सांगतात. विजेचा भाव म्हणे भाजीसारखा आहे. आज दहा तर उद्या तीस, एखाद्या दिवशी चारसुद्धा. पालिकेचा सगळ्यात मोठा खर्च म्हणजे आमच्या वस्तीला पाणी चढवायची वीज. वर्षा-दोन वर्षांचा एकच भाव बांधून घेतला की स्वस्ताईत थोडं जास्त जातं, पण महागाईत पंप बंद पडत नाही. मीसुद्धा दूधवाल्या मावशीशी वर्षाचा भाव ठरवते. कधी बाजारात दुधाचा भाव उतरतो, तेव्हा मी मावशीला शिव्या देत नाही. ती फसवत नाही, मीही फसत नाही. पोराला रोज दूध मिळणार एवढं मी विकत घेतलेलं असतं. तुम्ही म्हणता पैसे वाया गेले. कसे वाया गेले रे? दोन वर्षांत चोर आला नाही म्हणून कोणी दाराची कडी काढून विकतं का?

साहेब म्हणतात, सगळा नको तर निदान अर्धा भाव बांधा, अर्धा सोडा. मला त्या सोडलेल्या अर्ध्याचीही भीती वाटते, पण तेवढ्याला तरी मी मान डोलावेन.

तुला ही भीती कळणार नाही, कारण तू खाली राहतोस. रागावू नकोस, खरं तेच सांगते. तुमच्याकडे तलावातून पाणी आपोआप उतरतं, वीज असो नसो. आमच्याकडे ते चढवावं लागतं. हा करार व्हायच्या आधी, त्या उन्हाळ्यात विजेचा भाव आभाळाला भिडला तेव्हा तुमच्या नळाची धार जरासुद्धा बारीक झाली नाही. आम्हाला दिवसाआड झालं, मग चौथ्या दिवशी. तू म्हणायचास, थोडं सोसा. थोडं काय, सगळंच सोसलं. पण नुसतं पाणी कमी आलं असतं तर निभावलं असतं रे. नळ रिकामे पडले की बाहेरची घाण आत ओढून घेतात, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. वरून घराघराने नळाला छोट्या मोटारी लावल्या, त्यांनी आणखी ओढलं. जुने पाइप गटारातूनच गेलेत, सांधे गळके. मग चौथ्या दिवशी पंप सुरू झाला की पहिली धार यायची ती त्या सगळ्यासकट. ती सोडून द्यायची असते. चार दिवसांनी आलेलं पाणी कोण सोडून देतं, सांग ना. अख्खी वस्ती पहिल्या धारेलाच हंडे लावायची. वास यायचा थोडा. पाइप तापलेत, असं म्हणायचो.

माझ्या बाळ्याला खांद्यावर टाकून तू आमच्या पायऱ्या उतरत पळालास, ते मी विसरलेले नाही. एका पायात चप्पल नव्हती तुझ्या. दवाखान्यात सगळ्यांवर ओरडलास, सलाईन लवकर लावा म्हणून डॉक्टरांच्या हाताला धरलंस. आणि नंतर मला जवळ घेऊन म्हणालास, बुटके, तो जन्मापासूनच अशक्त होता गं, कोणाचा दोष नाही. आईनेही तेच धरलं, सगळ्यांनीच धरलं. मीसुद्धा सगळ्यांना तेच सांगत आले. तो अशक्त नव्हता, दादा. तुझ्या खांद्यावर बसून तुझे केस ओढायचा, तू ओरडायचास, हा पोरगा माझं टक्कल करणार. अशक्त पोर असं ओढतं का? तू औषधं आणायला खाली गेला होतास तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला आणि ह्यांना बाजूला घेतलं. म्हणाल्या, हे पाण्यातून झालंय, तुमच्या वरच्या वस्तीतून आलेलं हे पहिलं मूल नाही. हे तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. पंपाचं बटण तेच बंद करायचे ना. वरून हुकूम आला की बंद. त्या दिवसापासून आम्ही दोघं यावर एक अक्षर बोललेलो नाही. ते कॅन आणतात, मी पाणी उकळते.

तुला का सांगितलं नाही, तेच आज सांगते, आणि एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं. त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला तू माझ्या ओट्यावर बसून चहा पीत होतास. तू पहिल्यांदाच निवडून आला होतास, शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. तू मोठ्या कौतुकाने सांगितलंस, आज सभेत एवढा भाव कोण देणार म्हणून वरच्या वस्तीचे पंप कमी करायचा ठराव झाला, मीही हात वर केला, पालिकेचे केवढे पैसे वाचवले. तुझ्या लक्षातही नसेल. मी तुला आणखी अर्धा कप चहा ओतला. दवाखान्यात डॉक्टरीणबाई बोलल्या तेव्हा मला तो तुझा हातच दिसला, आणि तू औषधं घेऊन धावत वर आलास. तुला कसं सांगू? तू मेला असतास रे. एक गेला होता, भाऊ तरी राहू दे म्हटलं. ठरवलं होतं, हे माझ्याबरोबरच जाईल. पण उद्या परत सभा आहे, परत तोच भाव, तेच पंप, आणि भाव न बांधायचा ठराव या वेळी तूच मांडणार आहेस. माझ्या मांडीवर छकुली आहे. मी दुसऱ्या कोणाकडे जाऊ? तुझ्या पाया पडते, दादा, उद्या तो ठराव मांडू नकोस, हात वर करू नकोस. लोक हसतील, तुझा पक्ष रागावेल, पुढच्या वेळी तुला उभं करणार नाहीत, सगळं मला कळतंय. तरी करू नकोस. माझ्यावर रागव, इतकी वर्षं का लपवलंस म्हणून हवं तेवढं बोल, पण सभा झाल्यावर ये आणि बोल. मी घरीच आहे.

तुझीच,
बुटकी