पुडीतला समुद्र

२ नोव्हेंबर २०२५
हिमांशू आला होता. दहावी ब, मागचा बाक, इतिहासात काठावर पास – आणि आता सहल कंपनीचा मालक! डिसेंबरात ज्येष्ठांची दीवची सहल काढतोय. "बाई, माहितीपुस्तिका तुम्हीच लिहा. बदल्यात एक सीट तुमची."

दीव म्हटल्यावर आमचे हे पेपराआडून हसले. "दीवला लोक कशाला जातात, ते दारूबंदीतल्या अख्ख्या गुजरातला ठाऊक आहे." गुडघ्यांमुळे स्वतः येणार नाहीत, पण टोमणा मारायला गुडघे लागत नाहीत.

मी लगेच हो म्हटलं. हिमांशूला वाटलं, बाईंना समुद्राची हौस. वाटू दे.

दीवला आमरीन आहे.

५ नोव्हेंबर
कपाटाच्या वरच्या कप्प्यातून तिची पत्रं काढली. तेवीस. चौऱ्याऐंशीला लग्न होऊन दीवला गेली, तेव्हापासूनची. मराठी माझ्यापेक्षा वळणदार, मधेच उर्दू. शेवटचं पंचाण्णवचं. त्यात तळाशी एकच ओळ – "पद्मा, कब आएगी?"

उत्तर दिलं नाही मी. सासूबाईंचं आजारपण, पोरांच्या परीक्षा, शाळा. सुट्टीत लिहू, सुट्टीत लिहू. तीस वर्षं सुट्टी लागली नाही का मला?

९ नोव्हेंबर
किल्ल्याचं पान झालं. पोर्तुगीज, तीन बाजूंनी समुद्र, तोफा, दीपगृह. गुजरातचा बहादूरशहा इथल्याच पाण्यात बुडाला. किल्ल्यासमोर समुद्रातच पाणीकोठा नावाची गढी आहे. आमरीनच्या पत्रात आहे – "लांबून बघितली की वाटतं, जहाज निघालंय. रोज बघते. रोज तिथंच." हे वाक्य मी पुस्तिकेत चोरलं. बाकी पुस्तकांतलं सगळं त्यापुढे फिकं.

होका झाडांचंही तिचंच. ताडासारखं झाड, पण खोडाला वर दोन फाटे फुटतात. "एक झाड, दोन डोकी. आपलं कॉलेज आठवलं." हे नाही घातलं. हे माझं आहे.

१२ नोव्हेंबर
सकाळी फिरायला हिमायत बागेत. येताना सलीम अली सरोवरापाशी थांबले. आमरीनचे अब्बा त्याला खिजरी तलाव म्हणायचे. कॉलेज बुडवून आम्ही दोघी इथं पेरू खात बसायचो. बागेचे पेरू, कागदाच्या पुडीत तिखट-मीठ. तिखट संपलं की उरलेलं मीठ आमरीन तलावात उडवायची – "लो, हो गया समंदर!"

दोघींपैकी कुणीही तेव्हा समुद्र पाहिलेला नव्हता. तिनं नंतर पाहिला. मी अजून नाही. एकटीनं पाहायचाच नव्हता मला. हे आज पहिल्यांदा लिहितेय.

२२ नोव्हेंबर
प्रूफं तपासून डोळे गेले. सिटी चौकात नवाबकडे गेले, चष्म्याचा नंबर वाढलाय. नवाब आमरीनचा धाकटा भाऊ; तिला आपा म्हणतो, मला बाजी. मागच्या खेपेलाही विचारणार होते, जीभ उचलली नाही. आज धीर केला. "आमरीन कशी आहे रे?"

नवाबनं काच पुसता पुसता तोंड फिरवलं. "आपा? परसोंच तो आके गयी."

परसों! परवा! गुरुवारी! मी दिवसभर घरात होते. घर तेच, दार तेच. या गावात येऊन गेली आणि माझ्याकडे आली नाही!

पुढं काही विचारलं नाही. विचारायचं काय?

२३ नोव्हेंबर
राग येतोय. आणि रागावण्याचा हक्क नाही, म्हणून जास्तच येतोय.

२७ नोव्हेंबर
सीट गीताबाईंना देऊन टाकली. आमच्या शाळेत बत्तीस वर्षं शिपाई होत्या, पिशोरच्या. हे म्हणाले, "तुला नेमकं झालंय काय?" म्हटलं, कंबर. गीताबाई दारातच रडायला लागल्या. "बाई, म्या हर्सूलच्या तलावापरीस मोठं पानी बघितलं नाय." मी म्हटलं, मीही नाही.

३ डिसेंबर
पुस्तिका छापून आली. 'संकलन – पद्मजा'. छान कागद. उघडून बघितली नाही.

१० डिसेंबर
चष्मा आणायला गेले. बाहेरून पैसे देऊन निघायचं, असं ठरवून. नवाबनं जुना चष्मा हातात घेतला, उजेडात धरला. "बाजी, ये फ्रेम तो परसोंच बनायी मैंने. इतने में काच घिस गयी?"

जुन्या डबीत त्याचीच चिठ्ठी होती, त्याच्याच अक्षरात. मार्च २०१४.

दुकानातल्या स्टुलावर बसले. "नवाब, परसों म्हणजे कधी रे?"

"परसों... मतलब, हो गए ना कुछ दिन."

"आमरीन परसों आली होती म्हणालास."

त्यानं चष्मा खाली ठेवला. मग म्हणाला, "अम्मी की मय्यत को. बारा साल हुए." हळूहळू बाकीचंही निघालं. घराच्या वाटणीवरून भांडण झालं, तेव्हापासून बोलणं बंद. नंबर नाही, काही नाही. "आपके घर गयी थी बाजी. दो बार. ताला था."

बारा वर्षांपूर्वी, यांच्या ऑपरेशनला, आम्ही दीड महिना पुण्यात होतो.

जन्म या गावात गेला माझा! भाजीवाला, रिक्षावाला, अर्धी शाळा – सगळ्यांचं 'परसों' ऐकत आले. काल-परवापासून गेल्या जमान्यापर्यंत सगळं त्यात मावतं, हे मला कळू नये? पोरांना सनावळ्या पाठ करायला लावणारी बाई मी! पण राग असला की माणसाला तारीख सोयीची ऐकू येते. ती आली होती. दोनदा आली होती. आणि मी रुसून सीट देऊन बसले.

११ डिसेंबर
हिमांशूला फोन केला. "बाई, बस फुल. आता फक्त गीताबाईंनी नाही म्हटलं तर."

गेले गीताबाईंकडे. मागायलाच गेले होते, खोटं कशाला लिहू? सगळं पाठ केलं होतं – पुढच्या वर्षी तुम्ही जा, वगैरे. त्यांनी पिशवी भरून दारातच ठेवलेली. नवीन चपला काढून दाखवल्या. "वाळूत चालाया घेतल्या, बाई. नातू म्हन्तो, वाळूत चपला काढून चालत्यात. व्हय का?"

म्हटलं, हो, काढूनच चालतात.

मग तिथंच बसून चार ओळी लिहिल्या, वर पंचाण्णवचा पत्ता घातला आणि कागद त्यांच्या हाती दिला. किल्ल्याच्या रस्त्याला जुनं घर आहे, भेटली तर द्या. "भेटल की! म्या शोधून काढते," म्हणाल्या. 'उशीर झाला' एवढंच लिहायचं होतं. चार ओळी का लागल्या, कोण जाणे.

१२ डिसेंबर
सकाळी बस सुटली. मी हात हलवला. घरी येऊन भांडी आपटली.

१३ डिसेंबर
अजून फोन नाही. आज पुस्तिका उघडली. पाणीकोठ्याच्या पानावर छपाईची चूक आहे. 'जहाज निघालंय'च्या जागी 'जहाज निघालं'. हिमांशूला सांगायला हवं. आता काय उपयोग?

१४ डिसेंबर
चार वाजता गीताबाईंचा फोन. मागं नुसता वारा, शब्द अर्धेच ऐकू येतात.

"बाई, लई मोठं हाय वो! संपतच नाय!"

घर सापडलं का, मी ओरडले.

"सापडलं! कुलूप हाय."

पत्रं हातातच होती. तीस वर्षं कमी पडली म्हणून आणखी एक कुलूप.

"शेजारीन म्हन्ली, मालक वारले तवापून लेकीकडं गेल्यात. तीन वर्सं झाली. बाई, ऐकताय ना? लासूरला! आपल्या लासूर टेसनला! जावयाचं तिथं आडत दुकान हाय. लंबर घेतलाय म्या, पाठवते."

लासूर! इथून तासाभरावर. मागच्या वर्षी मी तिथं बारशाला जाऊन जेवून आले. तीन वर्षं ती या बाजूला आणि मी नकाशात समुद्राकाठी तिचं घर शोधतेय. सीट सोडली नसती तर आज मीच त्या कुलपासमोर उभी असते.

नंबर आला. लावला नाही. यांना सांगितलं, तर पेपर खाली ठेवला. म्हणाले, "आता तरी सुट्टीची वाट बघू नकोस."

१५ डिसेंबर
लावला.

"कौन?"

"पद्मा."

मागं कुकरची शिट्टी, आगगाडीचा भोंगा. मग नाक ओढल्याचा आवाज.

"येते मी," म्हटलं. "परवा."

"परसों नक्को. कल आ." हसली. तेच हसू! "आणि ऐक. पेरू माझ्याकडे आहेत. नमक तू ला."