पंखा काही थांबेना

मंगळवार, संध्याकाळ

कॉम्प्युटर बंद केला तरी पॉवर सप्लायचा पंखा गरगर फिरतोच. आठवडा झाला! धूळ झाडली, पंखाही नवा बसवला, तरी तेच. रोज बायकोवर खेकसतोय, "तू नीट बंद करत नाहीस." ती म्हणते, "करते ओ. माझी केसांची पिन पाहिली का?" पिनेचं काय मधेच!

आज वैतागून औरंगपुऱ्यातून मेकॅनिक बोलावला. सप्लायच्या वायरी बाहेर ओढून तो हसलाच. "साहब, ये पिन किसने घुसाई?"

मीच. आठवड्यापूर्वी रविवारी कॉम्प्युटर सुरू होईना, म्हणून सप्लाय थेट चालू करायला पिनेनं त्याच्या दोन तारा जोडून पाहिल्या होत्या. पिन काढायची राहिली. मग पंखा थांबेल कसा?

बायकोनं पिन पुसून केसांत खोचली. म्हणाली, "आता जमायला लागलं बघा मला, नीट बंद करायला."